राउटरवर (फिरत्या पात्याने लाकडाला आकार देणारं यंत्र) कपाटाच्या शटरची, म्हणजे दाराची, चौकट करताना आडव्या पट्टीचा कोपरा उडतो आणि जोड एका पातळीत येत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बिटचा (राउटरच्या पात्यांचा) जोडीचा सेट, एक टोकाचा आणि एक आतल्या कडेचा, नवा आहे, लाकूड सागवान आहे, तरी आडव्या पट्टीच्या टोकाला कपचा निघतो आणि जोडावर नख अडकतं. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पहिलीचं कारण जवळजवळ नेहमी कापण्याचा क्रम असतो आणि दुसरीचं पट्ट्यांची जाडी. बिट सहसा निर्दोष असतात.

आधी क्रम. आडव्या पट्ट्यांची टोकं टोकाच्या बिटने पहिल्यांदा कापा. सगळ्या पट्ट्यांची दोन्ही टोकं झाली की मगच दुसरा बिट लावून आडव्या-उभ्या सगळ्या पट्ट्यांच्या आतल्या कडेला गोलाई आणि खाच मारा. टोक कापताना बिट रेशांना आडवा जातो आणि बाहेर पडताना शेवटचे रेशे फाडतोच. ही फाटलेली बाजू आतल्या कडेला ठेवली, तर नंतरचा बिट तेवढा भाग खाऊन टाकतो. उलट क्रमाने गेलात तर तयार गोलाईचा नाजूक ओठच उडतो आणि तो काही केल्या लपत नाही.

तरीही पट्टीच्या मागे टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट लावून कापा, कारण पट्टीचं दुसरं टोक कापताना फाटणारी बाजू बाहेरच्या कडेला येते. टोक कापायला साधा स्लेड पुरतो: 12 मिमी प्लायची पाटी, त्यावर गुण्यात बसवलेली आडकाठी आणि एक टॉगल क्लॅम्प. पट्टी नुसत्या हाताने धरू नका. 57 मिमी रुंदीची पट्टी फेन्सवर (टेबलावरच्या आधाराच्या उभ्या पट्टीवर) टेकून सरळ राहत नाही, जरा फिरली की बिट ती ओढून घेतो. प्रत्येक नव्या मापाला ठोकळ्याची ताजी, न कापलेली बाजू पुढे करा.

आता पातळी. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी, एकाच सेटिंगवर थिकनेसरमधून (जाडी एकसारखी करणाऱ्या रंधा-यंत्रातून) काढा, 19 मिमीला, म्हणजे सहा सुताला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चाचणीसाठीचे दोन-तीन तुकडेही त्याच खेपेत. दोन्ही बिटवर पट्टीची दर्शनी बाजू टेबलाकडे ठेवा. अशाने जाडीत 0.2 मिमीचा फरक राहिला तरी तो मागच्या बाजूला जातो. एक जरी पट्टी उलटी गेली, तरी जोडावर पायरी येणारच. म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवा.

टोकाच्या बिटची उंची एकदा ठरली की तिला हात लावायचा नाही. दुसरा बिट तिच्याशी जुळवायचा. टोक कापलेला तुकडा बिटशेजारी टेबलावर उपडा ठेवा (स्लेडविना), डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि खाचेचं पातं जिभेच्या (टोकाला पुढे आलेल्या, खाचेत बसणाऱ्या भागाच्या) बरोबर समोर येईपर्यंत बिट वर-खाली करा. मग चाचणीचा तुकडा कापून जोडून बघा. समोरून आडवी पट्टी वर आली असेल तर खाचेचा बिट तेवढाच वर घ्या, आत गेली असेल तर खाली. समोर सपाट आणि मागे पायरी असेल तर जाडीत फरक आहे, बिटला हात लावू नका.

जीभ खाचेत ढिली असेल तर टोकाच्या बिटच्या दोन पात्यांमध्ये एक पातळ शिम (चकती) वाढवा, घट्ट असेल तर काढा. हाताच्या दाबाने बसली पाहिजे, हातोडी लागू नये. शँक (बिटचा दांडा) कोलेटच्या (तो पकडणाऱ्या खोबणीच्या) तळाला टेकवू नका. दोन-तीन मिमी वर ओढून मग आवळा, नाहीतर चालू कामात बिट सरकतो.

जोड खाचेत टेकतो पण गोलाईजवळ फट राहते? मग फेन्स बिटवरच्या बेअरिंगच्या (लाकडाला टेकणाऱ्या फिरत्या चकतीच्या) पुढे आली आहे. खाच उथळ पडते आणि जीभ तळाला आपटते. स्टीलची पट्टी बेअरिंगला आणि फेन्सच्या दोन्ही भागांना एकत्र टेकवून बघा.

40 मिमीच्या आसपासच्या या बिटना मिनिटाला 16,000 ते 18,000 फेरे पुरेत. लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवा. मध्ये थांबलात की जळण्याचा काळा डाग पडतो आणि तो सँडपेपरने गोलाईतून जात नाही. उलट्या रेशांचं लाकूड असेल तर खाच दोन खेपांत मारा, शेवटची खेप फक्त एक मिमीची. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. कडा केसाळ यायला लागली की बिट साफ करून धार बघा.

मापाचं उदाहरण घ्या: शटर 450 बाय 700 मिमी, पट्ट्या 57 मिमी, खाच 9.5 मिमी खोल. आडवी पट्टी = 450 − 114 (दोन उभ्या पट्ट्या) + 19 (दोन खाचा) = 355 मिमी. सागाचं भरीव पॅनेल (चौकटीतली मधली फळी) असेल तर त्याची रुंदी 352, उंची 603. 300 मिमीच्या वर रुंद सागाचं पॅनेल कोकणातल्या पावसाळ्यात दोन-अडीच मिमी सहज फुगतं. मे महिन्यात बनवत असाल तर ही तीन मिमीची सूट ठेवाच, ऑगस्टमध्ये दीड पुरते. पॅनेलला जोडणीआधी पॉलिश करा, नाहीतर ते आकसलं की कडेला कोरी पांढरी रेघ दिसते. फेविकॉल फक्त जोडात, पॅनेलच्या खाचेत थेंबही नको. सहा मिमी म्हणून मिळणारं प्लाय बरेचदा त्याहून पातळ निघतं आणि दोन सुताच्या खाचेत खडखडतं, तेव्हा आधी कॅलिपर लावा.

57 मिमी हे माप मी उगाच धरलेलं नाही. ऑटो हिंजच्या (आपोआप मिटणाऱ्या बिजागरीच्या) 35 मिमी कपाचं भोक बाहेरच्या कडेपासून सुमारे 40 मिमीपर्यंत येतं. पट्टी 50 मिमीची केलीत तर ते थेट पॅनेलच्या खाचेला जाऊन भिडतं. हे बहुतेकांना हिंज लावताना कळतं.

या जोडाची जीभ जेमतेम साडेनऊ मिमी आहे. स्वयंपाकघरातल्या शटरला चालते. काचेचं किंवा चार फुटांच्या वरचं शटर असेल तर प्रत्येक टोकाला 8 मिमीचे दोन डॉवेल (लाकडी खुंट्या) घाला आणि मध्ये एक आडवी पट्टी द्या. ड्रॉवरच्या दर्शनी चौकटीसाठी 150 मिमीपेक्षा लहान पट्टी लागली तर ती सुटी कापू नका: रुंद फळीची टोकं आधी कापा, मग फळी चिरून पट्ट्या काढा. बोटं बिटपासून लांब राहतात आणि टोकंही एकसारखी येतात.