गॅसचा अग्रक्रम कारखान्याला, तुमचा हक्क पावतीवर

प्रश्न : गॅसटंचाईत खतासाठी गॅस आधी द्यायचा, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे म्हणतात. मग युरिया मिळाला नाही तर आम्हाला दावा लावता येईल का? शिवाय दुकानदार युरियासोबत दुसरं खत घ्यायला लावतो.

उत्तर : युरिया गॅसपासून बनतो, म्हणून हा प्रश्न येतो. तुम्ही म्हणता तो निकाल ७ मे २०१० चा, मुकेश अंबानींची रिलायन्स इंडस्ट्रीज आणि अनिल अंबानींची आरएनआरएल (रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस) या कंपन्यांमधला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस दर एककाला (एमएमबीटीयू) २.३४ डॉलरने द्यायचा की ४.२० ने, हा वाद होता. गॅस देशाचा आहे, तेव्हा तो कोणाला आणि काय दराने द्यायचा यात सरकारचं धोरण खासगी करारापेक्षा वरचढ, असं कोर्टाने ठरवलं. त्या धोरणात चालू खत कारखाने पहिल्या नंबरवर होते. पण तो नंबर धोरणाने दिलेला, आणि धोरण बदलतं : २०१४ पासून देशी गॅसमध्ये घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी वर गेले.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यातच अत्यावश्यक शेती वापराला अग्रक्रम लिहिलेला आहे. आपल्याकडे अग्रक्रम आहे तो कारखान्याला, शेतकऱ्याला नाही. त्यामुळे गॅसवाटपाचा हा निकाल घेऊन युरियासाठी दावा लावण्यात वकिलाची फी जाईल, हाती काही लागणार नाही.

तुमची बाजू भक्कम आहे ती दुकानात. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार दुकानदाराने साठा व दराचा फलक लावायचा आणि पावती द्यायची. निमकोटेड युरियाची ४५ किलोची गोणी सर्व धरून २६६.५० रुपये. गॅस महागला तरी हा दर आपोआप वाढत नाही, फरक सरकार अनुदानातून भरतं. पॉस मशीनवर (दुकानातलं विक्रीची नोंद करणारं यंत्र) अंगठा दिल्यावर पावती तिथेच वाचा. घेतल्या दोन गोण्या आणि पावतीवर पाच, असं निघालं तर उरलेल्या तीन तुमच्या नावावर दुसरीकडे गेल्या.

लिंकिंगची, म्हणजे युरियासोबत दुसरं खत घ्यायला लावण्याची, तक्रार बहुतेकदा पुराव्याअभावी अडते, कारण जोडीचं खत वेगळ्या बिलावर 'स्वखुशीने घेतलं' म्हणून दाखवलेलं असतं. म्हणून दोन्ही बिलं आणि फलकाचा फोटो ठेवा. फलकावर साठा दिसतोय आणि दुकानदार नाही म्हणतोय, तर त्याच दिवशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या. आठवड्याने गेलात तर साठा हललेला असतो.

तोवर पीक थांबत नाही. युरियाच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं. जवळपास तेवढंच नत्र अमोनियम सल्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्यांतून मिळतं, वर गंधकही. कांद्याला ते चालतं. मात्र चुनखडीच्या जमिनीत दोन्ही खतं वर फेकू नका, अमोनिया उडतो. ओल असताना मातीआड करा, हप्ता दोनदा विभागा.