ओळ कुठे मोडायची

बाय, तुझी चोडणच्या फेरीबोटीवरची कविता वाचली. शब्द चांगले आहेत, पण सगळ्या ओळी कागदाच्या मधोमध का ठेवल्यास? लग्नपत्रिकेसारखं दिसतं ते. आधी सगळं डावीकडे घे.

आता ओळ कुठे तोडायची ते बघ. तू लिहिलंयस, ‘फेरी सुटली आणि आई धक्क्यावर राहिली.’ हेच असं लिहून बघ:

फेरी सुटली
आणि आई

धक्क्यावर राहिली

‘आई’पाशी वाचणारा क्षणभर थांबतो, तीही बोटीत आहे असं त्याला वाटतं. मग मोकळी जागा, म्हणजे मधलं पाणी, आणि पलीकडे ती एकटी. एक शब्दही बदललेला नाही.

जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहीत, मध्ये दंड, म्हणजे उभी रेघ, घालून. ओळ कानाला कळायची. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत 6-6-6-4 अक्षरं, शेवटचा आखूड चरण आला की आपसूक थांबणं होतं. मुक्तछंदात तो ठेका नसतो, म्हणून थांबवण्याचं काम कोऱ्या जागेकडे येतं.

पावसाच्या कवितेत अक्षरं तिरकी गळत ठेवलीयस, ती मात्र काढ. पाऊस शब्दांत पडतोच आहे. मीही एकदा समईच्या आकाराची कविता केली होती. समई सगळ्यांना दिसली, कविता कोणी वाचली नाही.

आणि पहिला खर्डा फोनवर नको. अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते आणि तुला वाटतं, ती तूच मोडलीस. वहीत लिही, मोठ्याने वाच, श्वास अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर. रविवारी येशील तेव्हा ती वही आण.