आवडत्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट येतो आहे. तो पुस्तकाशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवावी का?

तशी अपेक्षा ठेवू नये. कादंबरीचा गाभा आणि तिचे जग पडद्यावर उतरते की नाही, एवढेच पाहावे. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर केलेले तीन चित्रपट २००१ ते २००३ या वर्षांत आले, तेव्हा त्यांतून टॉम बॉम्बाडिल हे पात्र पूर्णपणे गाळले गेले, आर्वेन या स्त्रीपात्राची भूमिका वाढवली गेली आणि हॉबिट, म्हणजे कथेतील बुटक्या जमातीचे नायक, गावी परतल्यावर त्यांना तेथे करावा लागणारा संघर्षही वगळला गेला. (ही शेवटची काटछाट मला सर्वांत अधिक खटकते, कारण युद्धाची झळ घरापर्यंत पोहोचते, हे तिच्यामुळे दिसतच नाही.) वाचक रमतगमत पुस्तक वाचू शकतो, पण सुमारे तीन तासांच्या चित्रपटाला मुख्य प्रवासापासून फार दूर भटकता येत नाही. तरीही तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले. मात्र हे समर्थन केवळ काटछाटीपुरते आहे. टॉल्किन यांच्याच 'द हॉबिट' या एका लहानशा पुस्तकाचे २०१२ ते २०१४ दरम्यान तीन चित्रपट झाले, तेथे चाहत्यांची पाणी घातल्याची तक्रार मला रास्त वाटते.