कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून तूप बंद केलं

"मॅडम, हिमोग्लोबिन चांगलंय, किडनी नॉर्मल, मग कमी जेवून हिला झालंय तरी काय?" हे विचारणारं कुणी ना कुणी येतंच, म्हणून सांगलीतल्या एका काकूंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

मुलगी १९ वर्षांची, भरतीची तयारी करणारी, पहाटे पळायला जायची. वर्षात ११ किलो उतरलेली, पाच महिने पाळी नाही. आणि काकूंना टेन्शन कशाचं, तर कोलेस्टेरॉल २४८! म्हणून घरात तिचं तेल-तूप बंद, म्हणजे पोरगी जे चोरून करत होती त्याला आता घरातनंच परवानगी मिळाली की.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), उपासमारीत कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसू शकतं, कारण थायरॉईडचं टी-३ हे हार्मोन खाली येतं आणि कोलेस्टेरॉलचा निचरा मंदावतो, टीएसएच (थायरॉईडसाठी नेहमी करतात ती तपासणी) मात्र बऱ्याचदा नॉर्मलच. किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतनं, स्नायूच झिजले तर किडनीवर ताण असूनही आकडा छान दिसू शकतो. अंगात पाणी कमी असलं की रक्त दाट होतं, मग हिमोग्लोबिनही आहे त्यापेक्षा जास्त भरतं. पल्स ४४ होता, तिचे मामा म्हणे खेळाडूंचा असतोच कमी. असतो ओ, पण उपाशी माणसाचाही असतो.

मी काय डॉक्टर नाही. मिरजेला फिजिशियनकडं पाठवताना एका कागदावर लिहून दिलं, रोज काय खाते, उलट्या काढते का ते विचारा, पाळी कधीपासून नाही. लॅबच्या रिपोर्टवर हे कुठं छापून येतंय? पोटॅशियम २.९ आलं, म्हणजे कमी (सारख्या उलट्यांनी उतरतं ते), तेव्हा कुठं ती उलट्यांबद्दल पहिल्यांदा बोलली. ॲडमिट केलं. काकू घाबरून लगेच शिरा भरवायला निघालेल्या, डॉक्टरांनी थांबवलं, कारण इतक्या उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं, हळूहळूच वाढवावं लागतं.

परवा दोघी आल्या तेव्हा टेबलावर भडंगाची डिश होती. तिनं त्यातले शेंगदाणे एकेक वेचून फाईलच्या कडेला ओळीत मांडले. सात. काकू हळूच म्हणाल्या, "लहानपणी ह्याच शेंगदाण्यांसाठी भावाशी भांडायची ओ."

त्या गेल्यावर फाईल उचलली तर पाचच होते.