साठ नावं, पण ताबा कोणाचा?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, नागपुरात महाल भागात स्टेशनरीचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका सल्लागाराकडून गुंतवणूक म्हणून ‘डॉट इन’ची ६० डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेतली, प्रत्येकी ६,००० रुपयांना. यादी जोडली आहे. त्यांच्या पोर्टलवर आज किंमत ११ लाख दिसते; तीन वर्षांनी दुप्पट भावाने परत घेण्याची लेखी हमीही आहे. आता ते ‘डॉट एआय’ची ३० नावं घ्या म्हणतात. पत्नीचे दागिने ठेवून ११ टक्क्यांनी ४ लाख मिळतात. मुलीची इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन पुढच्या वर्षी आहे, तोवर पैसे मोकळे होतील. ‘इन’ बरं की ‘एआय’?

उत्तर : दागिने ठेवू नका. बाकीचं नंतर बोलू, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. किंमत ‘त्यांच्या पोर्टलवर’ दिसते म्हणता. म्हणजे लॉगिन त्यांचं, आणि बहुधा नावंही त्यांच्याच खात्यात.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीपुरतं मिळतं. नोंदणी ज्याच्या खात्यात, ज्याच्या ईमेलवर, त्याचा ताबा. पावती तुमच्या कपाटात असली तरी विकणार तो, मुदत वाढवणार तो. त्याने फी चुकवली की नाव बंद पडतं, मग रिडेम्प्शनच्या, म्हणजे सोडवून घेण्याच्या, ३० दिवसांत जबर दंड भरून सोडवावं लागतं, तेही हुकलं तर कोणीही उचलतं. मुदतीच्या सूचना जातात त्याच्या ईमेलवर; तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून याच आठवड्यात बसा. ‘डॉट इन’ची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. तिच्या व्हूइज शोधात, म्हणजे नावाची नोंद दाखवणाऱ्या पानावर, एकेक नाव टाका. रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते ते वहीत उतरवा. तासा-दोन तासांचं काम आहे. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःच्या ईमेलवर खातं उघडा, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर घ्या आणि सल्लागाराला लेखी कळवा : सगळी नावं या खात्यात द्या. एकाच रजिस्ट्रारकडे खातं बदलायला सहसा पैसे पडत नाहीत. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर नाव अनलॉक करून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा पासवर्ड, मागा. तिथे साधारण वर्षाची फी लागते. ‘सिस्टिममध्ये सोय नाही’ हे उत्तर मान्य करू नका. सोय असते.

आता हिशेब. ‘डॉट इन’ची वर्षाची फी सातआठशे रुपये. ६० नावांचे झाले ४८ हजार. तुम्ही दिले ३ लाख ६० हजार. वरचे तीन लाख कशाचे? आणि ४८ हजार दर वर्षी पुन्हा आहेतच. ११ लाख हा आकडा पोर्टलने काढला आहे, एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेला नाही. त्या भावाच्या एक-दशांशाला दहा नावं विकायला लावून पाहा, कळेल. दुप्पट परताव्याची हमी देणाऱ्याच्या ऐपतीइतकीच असते. तो कागद जपून ठेवा. नावं द्यायला टाळाटाळ झाली तर तोच घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जा, आणि हमीच्या परताव्याबद्दल पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या.

तुमच्या यादीत ‘मिहान’, ‘ऑरेंज सिटी’ला चार शब्द जोडून केलेली लांबलचक नावं भरपूर आहेत. मिहानजवळ प्लॉट विकणारा तुम्हाला ५० हजार का देईल? एक शब्द मागेपुढे करून तो आठशेत दुसरं घेईल. ही नावं मुदत संपताच सोडा. एका बँकेच्या नावात अक्षर चुकवून घेतलेली चार तर विकायलाही काढू नका. निक्सीच्या वाद-निवारण नियमांखाली बँक ती लवादाकडून काढून घेऊ शकते, आणि विकायला ठेवणं हाच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो. छोटी, बोलताना सहज लिहून घेता येतील अशी पाच-सहा ठेवा.

‘एआय’बद्दल. हा अँग्विला या कॅरिबियन बेटाचा कोड. किमान नोंदणी दोन वर्षांची, एका नावाला साधारण १२ ते १५ हजार. ३० नावांत तुमचे ४ लाख संपले, दोन वर्षांनी तेवढेच पुन्हा. यात हमखास कमावलं ते बेटाच्या सरकारने : २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर. या धंद्यातले मुरलेले लोकही शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन विकली जातील असं धरतात. तुमच्या तिसांत दोन वर्षांत कशीबशी एक. मुद्दल ४ लाख, व्याज ८८ हजार, वर नावं विकून देणाऱ्या साइटचं १५-२० टक्के कमिशन : ते एक नाव सहा लाखांना जायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. शिवाय देशाच्या कोडवर नियम त्या-त्या ठिकाणचे चालतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या लोकांची ‘डॉट ईयू’ नावं अशीच गेली.

‘पुढच्या वर्षी पैसे मोकळे होतील’ हे वाक्य पुन्हा वाचा. मुलीच्या फीची तारीख ठरलेली आहे, गिऱ्हाइकाची नाही. फीला कमी पडलं तर कर्ज काढायला हेच दागिने लागतील, म्हणून ते घरातच राहू द्या. व्याजापोटी महिन्याला जे ३,७०० रुपये जाणार होते, त्यांची बँकेत मुलीच्या फीसाठी आरडी काढा. बारा महिन्यांत ४४ हजार आणि वर व्याज.