बालबुद्धाचं बोट, सात पावलं आणि स्नान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या विहाराला पितळी बालबुद्ध भेट मिळाला आहे. एक हात वर, एक खाली. हा आशीर्वाद का?

नाही. अभयमुद्रेत तळहात समोर असतो. इथे उजव्या हाताचं बोट आकाशाकडे आणि डाव्याचं जमिनीकडे आहे. जन्मल्याबरोबर बाळाने काढलेल्या उद्गाराची ही मूर्ती. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या अच्छरिय-अब्भुत सुत्तात (म्हणजे उपदेशात) बाळ म्हणतं, ‘अग्गोहमस्मि लोकस्स’, म्हणजे या लोकात मी अग्र, सर्वांत श्रेष्ठ आहे. बरेच जण इथेच थांबतात आणि बाळाला गर्विष्ठ ठरवतात. उद्गाराचा शेवट वाचा: ‘अयमन्तिमा जाति, नत्थि दानि पुनब्भवो.’ हा शेवटचा जन्म, आता पुनर्भव नाही. अग्र असण्याचं कारण बाळाचं शाक्य कुळ नव्हे, हे शेवटचं वाक्य आहे.

सुत्तात हातांचा उल्लेख नाही. हे रूप रुळलं ते पूर्व आशियात. जपानमधल्या नारा शहरात तोदाइजी मंदिराची आठव्या शतकातली मूर्ती जेमतेम 47 सेंटिमीटर उंच आहे. दंड गुबगुबीत, चेहरा हसरा, पण बाळ ताठ उभं. आपल्या डोळ्यांत रांगता बाळकृष्ण असतो, म्हणून हा फरक मुद्दाम पाहावा. तिथे लडिवाळपणा हाच विषय आहे, इथे बाळ कुणाच्याही आधाराशिवाय उभं आहे हा.

प्रश्न: पावलं सातच का? आणि कमळं?

सुत्तात बाळ जन्मताच उभं राहून सात पावलं चालतं. पाली अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकेत, याचा उलगडा एकेका तपशिलागणिक दिला आहे. जमिनीवर सम पावलांनी उभं राहणं म्हणजे चार इद्धिपाद, सिद्धीचे चार आधार. सात पावलं म्हणजे सात बोज्झंग, बोधीची अंगं: सती (जागरूकता), धम्मविचय (धम्माची पारख), विरिय (उत्साह), पीती (आनंद), पस्सद्धी (शांतता), समाधी, उपेक्खा (समता). डोक्यावरचं पांढरं छत्र म्हणजे विमुक्ती. थोडक्यात, पुढे पस्तिसाव्या वर्षी बोधी म्हणून जे मिळणार ते पहिल्याच दिवसाच्या चित्रात मांडून ठेवलं आहे.

कमळं मात्र पाली सुत्तांत नाहीत, ती ललितविस्तर या संस्कृत बुद्धचरित्रातून येतात. आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पकारांनी तर बाळच कोरलं नाही. देवांनी धरलेल्या वस्त्रावर नुसती पावलं उमटवली. मला ही मांडणी सगळ्यांत सुंदर वाटते.

फलक रंगवताना हमखास चूक होते: मागे सात कमळं काढून बाळ आठव्यावर उभं करतात. मागे सहा काढा, बाळाच्या पायाखालचं सातवं.

प्रश्न: बुद्धपौर्णिमेला मूर्तीला स्नान कसं घालावं?

सुत्तात आकाशातून पाण्याच्या दोन धारा पडतात, एक थंड आणि एक उष्ण. स्नानाचा विधी त्याच प्रसंगाचा. महाराष्ट्रात ही जुनी रीत नाही, त्यामुळे सक्ती मानू नये. करायचं असेल तर मूर्ती खोलगट परातीत ठेवा. पाणी मूर्तीच्या घोट्याखाली राहील इतकंच. एकेकाने छोट्या पळीने तीनदा खांद्यावर पाणी सोडावं. धुवायचं ते आपलं मन, हा भाव.

दूध, दही, साखर टाळा. स्निग्ध अंश कोरीव घड्यांत अडकतो, बुरसतो आणि पितळेवर हिरवा थर धरतो. सोनेरी मुलामा असेल तर चिंच-लिंबू आणि घासणी दोन्ही वर्ज्य, मुलामा निघतो तो परत येत नाही. शेवटी मऊ सुती कापडाने टिपा आणि कमळाची बैठक उलटी करून सांध्यातलं पाणी काढा. प्लास्टरच्या किंवा रंगवलेल्या लाकडी मूर्तीवर पाणी घालूच नका, फूल वाहा.

जपानी मंदिरांत 8 एप्रिलला, म्हणजे तिथल्या बुद्धजयंतीला, पाण्याऐवजी ‘आमाचा’ हा गोड पानांचा काढा ओततात आणि पितातही. कुणी तिकडून पानं आणली तर 1 लिटर पाण्याला 2 ते 3 ग्रॅमच घ्या. दाट काढ्याने 2009 आणि 2010 मध्ये तिथल्या शाळकरी मुलांना उलट्या झाल्या होत्या.

प्रश्न: बाबासाहेबांच्या मांडणीत हे चमत्कार बसतात का?

घटना म्हणून नाही. त्यांनी गृहत्यागाचं कारणही शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधलं. पण चित्र हे विधान म्हणून वाचता येतं. अट्ठकथाही बरीचशी तेच करते.

प्रश्न: महाराष्ट्रात हे कुठे पाहता येईल?

अजिंठा, लेणे क्रमांक 2. सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर मायादेवीचं स्वप्न, त्याचा अर्थ सांगणारे ब्राह्मण आणि मग लुंबिनीतला जन्म: माया झाडाची फांदी धरून उभी, बाळाला झेलणारा इंद्र. रंग बरेच झडले आहेत, म्हणून आधी झाड शोधा, मग माया सापडते.

तिथून गाभाऱ्याकडे जा. त्याच्या उजव्या बाजूच्या छोट्या दालनात हारिती आणि तिचा पती पांचिक आहेत. हारिती ही मुलं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचंच लाडकं मूल लपवलं तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षक झाली. तिच्या पायाशी कोरलेली शाळा चुकवू नका: छडी घेतलेला गुरुजी, पुढे अभ्यास करणारी पोरं, आणि मागे एडक्यांशी खेळणारी.