गॅरेजवाल्याच्या मुलाचं छोटं गॅरेज

प्रश्न: मिरजेत माझं चारचाकीचं गॅरेज आहे. मुलगा दहावीत आहे. पुठ्ठा, वायरी, ट्यूबचे तुकडे असल्या भंगारातून तो छोटी गॅरेजं बनवतो. सोबत फोटो पाठवलेत. यातून पुढं काही होईल, की बंद करायला सांगू?
– एक पालक, मिरज

उत्तर: बंद करायला सांगू नका. पण हात चांगला आहे एवढ्यावर करिअरही ठरवू नका. फोटोतली काळवंडलेली फरशी आणि भिंतीवर टांगलेले पाने झकास आहेत. मापं मात्र फसलीत. ऑइलचा ड्रम गाडीच्या टपाला लागलाय. खरा ड्रम बॉनेटच्या आसपास येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या कामांना पुढं पैसे मिळतात ती मापावर चालतात. म्हणून आधी त्याची एक परीक्षा घ्या.

तुमचंच गॅरेज त्याला टेपनं मोजू दे, कागदावर काढू दे आणि मग १:२४ मध्ये बांधू दे. खरं माप मिलिमीटरमध्ये घेऊन २४ नं भागायचं. १० फुटी शटर १२७ मिमी, २०० लिटरचा ड्रम सुमारे ३७ मिमी उंच, साडेपाच फुटी मेकॅनिक ७० मिमी. चार फुटी ट्यूबलाइट ५१ मिमी. उदबत्तीच्या काडीला पांढरा रंग दिला की झाली. गाडी मात्र सगळ्यात आधी मोजावी. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिमी, म्हणजे मॉडेल १३९ मिमी हवं. जत्रेतली गाडी १२० मिमी भरली तर ती १:२८ च्या जवळची. तिच्याभोवती १:२४ चं गॅरेज उभं केलं तर काहीतरी खटकत राहतं, आणि काय ते पटकन सापडत नाही.

छताच्या पत्र्याला नेहमीचं जाड खोकं नको. त्याच्या आतल्या लाटेची एक नळी ६ मिमीच्या आसपास रुंद असते, म्हणजे खऱ्यात साडेपाच इंचांहून जास्त. सिमेंटचा पत्रा असेल तर ठीक. लोखंडी पत्र्याची नळी साधारण ३ इंची, तेव्हा दीड मिमी जाडीचं पातळ खोकं शोधावं, ज्याची नळी ३ मिमी भरेल. वरचा कागद ओलसर फडक्यानं भिजवून सोलावा; पाणी जास्त झालं की नळ्याच बसतात. भिंतीच्या पुठ्ठ्याला एकाच बाजूनं फेव्हिकॉल लावून कागद चिकटवला तर वाळताना भिंत वाकते. दोन्ही बाजूंनी कागद लावून रात्रभर वजनाखाली ठेवावी. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला तर तो विरघळतो, आधी फेव्हिकॉलचा थर द्यावा. खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकजवळ फेव्हिक्विक नको, पांढरट धूर बसतो. ऑइलचे डाग अगदी शेवटी, आणि इंजिनखाली, ड्रमपाशी, खड्ड्याच्या काठाला एवढेच. मुलं सगळीकडं गंज नि डाग चढवतात. चालत्या गॅरेजमध्ये पाने ठेवायची जागा हात लागून लागून चकचकीत असते.

आता पुढचं. नुसती अशी मॉडेलं विकून घर चालेल असं मी सांगणार नाही. हे काम करताना तो कुठं रमतो ते बघा. मोजण्यात आणि ड्रॉइंगमध्ये रमला तर दहावीनंतर मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन, म्हणजे मापाची ड्रॉइंग काढण्याचा, ट्रेड. रंगात, डागांत रमला तर बारावीनंतर डिझाइन. आयआयटीची यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा कोणत्याही शाखेतून देता येते. आर्किटेक्चर मनात असेल तर अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये.

आणि आकार घडवण्यात रमला तर आपल्या भागातलं एक काम पालकांच्या यादीत सहसा नसतं: पॅटर्न मेकिंग. कुपवाड, किर्लोस्करवाडीकडं फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग ओतायचा तर आधी त्याचा पॅटर्न लागतो, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना. बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिमी आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात, शिवाय वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार देतात. आता बरेच पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, होतात, त्यामुळं कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) शिकावंच लागेल. ओळखीनं एखादं पॅटर्न शॉप त्याला अर्धा दिवस दाखवून आणा.

हे सगळं बोर्डाची परीक्षा संपल्यावर. तोवर रविवारी दोन तास पुरेत. प्रत्येक टप्प्याचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढायचा, चुकलेला भागही टाकायचा नाही. डिझाइनच्या एखाद्या कॉलेजात मुलाखत झाली तर तेच दाखवता येईल. मापांचा कागद तयार झाला की बांधकामाआधी माझ्याकडं पाठवा.